एकाच पंखाची पिसं

मागच्या वर्षी नातीनं मला तिचे सामने बघायला नेलं. पुण्यात बऱ्याच खेळांच्या एकत्र स्पर्धा भरल्या होत्या आणि आमची ही पोर महिला एकेरीत स्क्वॉश खेळत होती. काचेच्या खोलीत दोघीजणी स्वतःला कोंडून घेतात आणि भिंतीवर चेंडू असा हाणतात की त्या भिंतीचीच दया यावी. मला गुणांचं फारसं कळलं नाही, पण पायांचं कळलं. कुठं पाऊल आधी पडायला हवं होतं आणि पडलं नाही, ते मला अजून दिसतं. ती घामाघूम होऊन बाहेर आली तेव्हा शाबासकी द्यायची सोडून मी तिला पहिलं काय विचारलं, तर हा चेंडू कशाचा असतो. "रबराचा गं आजी. का?" काही नाही म्हटलं. आणि बॅटची तार? "असेल नायलॉनसारखं काहीतरी." मग मी निवांत मागं टेकून बसले. शेजारी सूनबाई हसत होत्या. आजीला असले प्रश्न पडतात हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का पडतात ते मात्र मी कधी नीट सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की शांताआत्यापर्यंत जावं लागतं.

आमचं घर कामरगावात, बाजाराच्या रस्त्यावर. पुढं बाबांचं किराणा दुकान आणि मागं आम्ही. दिवसभर पुढून तराजूच्या साखळ्या आणि "कारंजा, कारंजा" ओरडणाऱ्या जीपवाल्यांचा आवाज यायचा, आणि मागून पाण्याचा. पाणी गाळणं हे आमच्याकडं एक मोठंच काम होतं. दुहेरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधायचं, विहिरीचं पाणी त्यातून हळू ओतायचं, आणि फडक्यात जे काही राहिलं असेल ते पुन्हा विहिरीत नेऊन सोडायचं, कारण त्यात जीव असतात. आम्ही जैन. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्य बुडाल्यावर तोंडात घास नाही. इतरांच्या घरी संध्याकाळ म्हणजे दिवाबत्ती आणि गप्पा. आमच्या घरी ती नुसती धांदल. ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलं की आई भाकरी थापायला बसायची, बाबा गिऱ्हाईक अर्धवट सोडून हात धुवायला यायचे, आणि आम्ही पोरं ताटावर रांगेनं. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, थंडीत कधी गोळ्यांची कढी. शेजारून कांद्याच्या फोडणीचा वास यायचा आणि मला तो फार आवडायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर मार मिळाला असता.

शांताआत्या बाबांची मोठी बहीण. तिला आसेगावला दिली होती. वीस वर्षांचीही नव्हती तेव्हा तिचा नवरा गेला आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडं परत आली, ती कायमचीच. मी तिला पाहिलं ते पांढऱ्या लुगड्यातच. सकाळी मंदिर, मग स्वयंपाक, दुपारी पोथी, असा तिचा दिवस. पण वाचणाऱ्यानं तिला गरीब गाय समजू नये. तिची जीभ चांगली तिखट होती. दुकानात मापात मारणारा व्यापारी आला की बाबा गप्प राहायचे आणि आत्या आतून बोलायची. जीवजंतूंबद्दल तिला जेवढी कणव होती तेवढी माणसांबद्दल नव्हती, असं आई हळूच म्हणायची. माझ्यावर मात्र तिचा जीव होता. मला झोपेतून उठवायची, वेणी घालायची, आणि वेणी घालताना माझ्या आईवर असलेला राग माझ्या केसांवर काढायची.

खेळ मला लावला तो शाळेतल्या ढगे सरांनी. सर ड्रिल शिकवायचे. त्यांनी कुठूनतरी बॅडमिंटनच्या दोन जुन्या बॅटी पैदा केल्या, मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याच्या फक्कीनं कोर्ट आखलं, दोन बांबू रोवले आणि जाळी मिळेपर्यंत सुतळी बांधून टाकली. पोरांना त्यात रस नव्हता, त्यांना कबड्डी हवी होती. म्हणून त्या बॅटी मला आणि रजियाला मिळाल्या. रजिया म्हणजे आमच्या दुकानासमोरच्या बांगडीवाल्या चाचांची मुलगी, माझ्याच वर्गातली. ती वाऱ्यासारखी पळायची, पण तिचा नेम म्हणजे देवाची दया. मी पळण्यात तिच्या मागं, पण माझा हात बसला. फूल नेमकं रेघेच्या आत, कोपऱ्यात टाकायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. शटलला आम्ही फूलच म्हणायचो, सगळेच म्हणायचे. सुरुवातीची फुलं प्लॅस्टिकची होती.

आत्या पहिल्यांदा मैदानावर आली ती मला बखोटीला धरून जेवायला न्यायला. दिवस बुडायला आला होता. ती तारेच्या कुंपणापाशी उभी राहिली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तशीच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती थोडी आधीच आली. मग रोजच यायला लागली. आल्यावर गप्प उभं राहणं तिला जमण्यातलं नव्हतं. "तू मांगं काहून पळतं व नंदे? थे पोट्टी पुढं टाकून राह्यली, तं पुढं जाय नं!" ढगे सर हसायचे, पण चार दिवसांनी तेही मला तेच सांगायचे. घरी जाताना, मला जवळजवळ पळवत, ती सगळा खेळ पुन्हा तोंडानं खेळायची. लहानपणी ती लगोरीत गावातल्या पोरांना हरवायची, हे मला तेव्हाच कळलं. ते सांगताना ती एकदम माझ्याएवढी व्हायची, आणि घराचा दरवाजा आला की पदर सारखा करून पुन्हा आत्या.

मग सरांनी पिसांची फुलं आणली. वाशिमला आमच्या भागातल्या सगळ्या हायस्कुलांच्या स्पर्धा व्हायच्या होत्या, आणि तिथं प्लॅस्टिक चालत नव्हतं. मी एक फूल घरी नेलं. बॅट घरात आली होती तेव्हा तार कशाची, आतड्याची तर नाही, याची आत्यानं सरांकडून खात्री करून घेतली होती. तसंच आता तिनं हे फूल हातात न घेता, मला धरायला लावून, चारी बाजूंनी बघितलं.

"हे कायचं पीस व?"

"बदकाचं म्हनते."

"मारून काढते?"

"मले का मालूम."

तिनं मान तिरकी करून फूल पुन्हा एकदा पाहिलं. मग तिचं तिलाच उत्तर सापडलं. "नाई. मोर कसा वरसाच्या वरसाले पिसं टाकते, तसं बदकही टाकत असंन. येवढ्याशा खेळासाठी कोन जीव घेईन?"

हे कुणाला भोळेपणाचं वाटेल. पण आमच्या घरात पीस म्हणजे महाराजांची पिच्छी. आमचे मुनी हातात मोरपिसांचा जो गुच्छ ठेवतात, तो बसायच्या आधी जागा हलकेच झाडायला, मुंगीसुद्धा चिरडू नये म्हणून. त्यातलं प्रत्येक पीस मोरानं आपणहून टाकलेलं. किन्हीराजाकडच्या रानातून माणसं अशी गळालेली पिसं गोळा करून चातुर्मासात आणून द्यायची आणि आत्या ती निवडायला बसायची. उपटलेलं पीस महाराज हातात धरणार नाहीत, हे ज्या बाईनं जन्मभर पाहिलं, तिच्या डोक्यात पीस आणि हत्या यांचा संबंधच येत नव्हता. मी पंधराची होते. सरांना विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण आत्यानं दिलेलं उत्तर मला सोयीचं होतं.

आत्या तेवढ्यावर थांबली नाही. पिसांची फुलं महाग, आणि आमच्या हातून ती दोन दिवसांत फाटायची. एखादं पीस मोडलं की फूल तिरकं उडतं. तेव्हा आत्यानं ठरवलं की आपण ती दुरुस्त करू. रविवारी दुपारी आम्ही दोघी तलावाच्या काठानं गळालेली पिसं वेचत हिंडायचो. बगळ्यांची, कधी कुणाच्या पाळीव बदकांची. मोराशिवाय दुसऱ्या पाखराचं पीस आमच्या घरात चालत नव्हतं, म्हणून ती टोपली मागच्या पडवीत, आणि काम झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय आत्या चुलीपाशी जायची नाही. गाळलेल्या पाण्यात पिसं धुवायची, सावलीत वाळवायची, मग मोडकं पीस काढून त्या जागी नवीन बसवायचं, डिंक लावायचा, दोऱ्यानं गुंडाळायचं. कठीण काम होतं, कारण एकासारखं दुसरं पीस सापडायचं नाही. एक लांब तर एक आखूड, एक या अंगाला वळलेलं तर एक त्या अंगाला. "डाव्या पंखाचं असं वळते, पाह्य," आत्या दाखवायची, "अन् उजव्याचं असं." आमची फुलं उडायची ती दारू प्यायल्यासारखी. रजिया तर त्यांना बघूनच हसत सुटायची. बाबा म्हणाले, अक्का, आता दुकानात फुलंच विकायला ठेवू. आत्यासुद्धा हसली. ती पडवी, तो डिंकाचा वास आणि पांढऱ्या लुगड्यावर चिकटलेली पिसं झटकत हसणारी आत्या, हे माझ्या लहानपणातलं सगळ्यात सुखाचं चित्र आहे. म्हणूनच ते मला बघवत नाही.

वाशिमला आम्ही एस.टी.नं गेलो. सर, कबड्डीची पोरं, पळण्याच्या शर्यतीसाठी रजिया आणि मी. आत्यानं डब्यात दशम्या, भाजलेली डाळ आणि गाळायचं फडकं दिलं होतं. नळावर रजिया फडक्याची दोन टोकं धरायची आणि मी तांब्यावर ओतायची. बाकीच्या शाळांच्या पोरी बघायच्या तेव्हा रजियाच त्यांना दटावायची, "का पाहून राह्यल्या? तुमी नका पिऊ." मैदानात एकीकडं खो-खो, एकीकडं शर्यती, शिट्ट्या आणि धुरळा. बॅडमिंटन मात्र कापसाच्या एका गोदामात ठेवलं होतं, वारा नको म्हणून. नवा कापूस यायला अवकाश होता, गोदाम रिकामं होतं, पण जुन्या रुईचे तंतू हवेत तरंगत होते आणि प्रत्येकजण शिंकत होता.

मुलींच्या एकेरीत मी एकामागून एक जिंकत गेले आणि अंतिम सामन्याला उभी राहिले. समोर अकोल्याकडून बदली होऊन आलेल्या एका साहेबांची मुलगी होती, पांढरे बूट घातलेली. मी अनवाणी. सामन्याच्या आधी खेळाच्या सामानाचा एक विक्रेता नवी फुलं निवडत बसला होता. डब्यातून एकेक काढायचं, बोटावर फिरवायचं, उजेडाकडं धरायचं. मी जवळ जाऊन बघत होते. इतकी एकसारखी पिसं मी कधी पाहिली नव्हती. त्याला माझं कौतुक वाटलं असावं. म्हणाला, "पाह्य पोरी, सारी पिसं एकाच अंगाले वळलेली. डाव्या पंखाचं तं डाव्याचंच. मिसळलं का फूल सरळ फिरत नाही."

मी विचारलं, "अन् येवढी डाव्याच पंखाची गळालेली पिसं भेटते कुठी?"

तो हसला. वाईट हसला नाही, लहान पोर काहीतरी बोललं म्हणून हसावं तसा. "गळालेल्या पिसाचं कुठी फूल होते का? बदकं कापतेत, मंग पंखातून निवडून काढतेत."

खरं म्हणजे त्यानं सांगायची गरज नव्हती. तलावाच्या काठानं हिंडून हिंडून मला पिसांची अक्कल आली होती. सारखी, कोरी, एकाच पंखाची पिसं जमिनीवर पडलेली सापडत नाहीत, हे मला आणि आत्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या गोदामात कुणालाच नसेल. मी तिथंच उभी राहिले. पंचांनी नाव पुकारलं. सर पाठीवर थाप मारून म्हणाले, "जा." मी तेव्हा बॅट खाली ठेवू शकत होते. पोट दुखतंय म्हटलं असतं तरी झालं असतं. मी गेले.

पहिला गेम मी हरले. फूल अंगावर यायचं आणि मला त्यात बदक दिसायचं. हात उशिरा उठायचा. दुसऱ्या गेममध्ये कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, मी विसरले. सगळं विसरले. फूल यायचं, पाय जायचे, हात उठायचा, आणि ते तिथं पडायचं जिथं मला हवं असायचं. आत्या म्हणायची तशी मी पुढं जात होते. दुसरा गेम माझा झाला आणि तिसराही झाला. रजिया जाळीखालून पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. आणि तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला आनंद झाला. नुसता आनंद, काठोकाठ. दुःख झालं ते नंतर, एस.टी.त बसल्यावर. एवढा आनंद आपल्याला कसा झाला, याचंच दुःख.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले तेव्हा आत्या पडवीत पिसांची टोपली घेऊन बसली होती. "जितली?" म्हणून तिनं विचारलं आणि माझं तोंड पाहून तिला वाटलं, हरली. मी म्हटलं जितली, आणि तिथंच खाली बसून सगळं सांगून टाकलं. लपवायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही, पण आत्यापासून काही लपवता येत नसे. ती ऐकत होती. मधे एकच विचारलं, "सारी डाव्याच पंखाची?" मी हो म्हटलं. तिनं टोपलीतलं एक पीस उचललं, वळवून पाहिलं, परत ठेवलं. "आपून किती हिंडलो व," ती हळूच म्हणाली. "एक सारखं नव्हतं." मग ती उठली, टोपली उचलून तलावाकडं गेली आणि रिकामी परत आली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मला मात्र बसवून, वाढून, जेवू घातलं.

सकाळी ती मंदिरात जाऊन आली. दुपारी वरण शिजलं तेव्हा मीठ टाकायच्या आधी तिनं आपल्यापुरतं वाटीत काढून घेतलं. भाजीचंही तसंच. भाकरीचं पीठही वेगळं मळलं. आमच्यात नियम घेऊन एखादा रस सोडतात, कुणी तूप, कुणी गूळ, कुणी मीठ. त्यामुळं तिनं काय केलं ते सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं. का केलं ते मात्र बाबांनी विचारल्यावर तिनं सांगितलं. नंदी जोवर हा खेळ खेळते तोवर मी मीठ खाणार नाही, असा नियम तिनं देवासमोर घेतला होता.

"अक्का, हे काहून?" बाबांना राग आला होता. "ज्याचं कर्म त्यालेच भोगा लागते. हे तुले मंदिरात कोनी सांगतलं नाही का? तिचं पाप तुले घेता येत नाही."

"मले माहीत आहे," आत्या म्हणाली. "मी पाप घेऊन नाही राह्यली, मी मीठ सोडून राह्यली."

"मंग तिले खेळूच नको देऊ नं!"

"खेळन थे," आत्या म्हणाली. "संक्रांतीनंतर अमरावतीले मोठे सामने हायेत. मास्तरनं सांगतलं मले. जाईन थे."

बाबा उठून दुकानात निघून गेले. तिनं मला खेळ सोड म्हटलं असतं तर मी रडले असते, भांडले असते आणि सोडला असता. त्यात एक प्रकारची सुटका होती. रागावली असती तरी चाललं असतं. पण ती रोज मैदानावर येत राहिली. पूर्वीसारखीच तारेपाशी उभी राहायची, फक्त बोलायची कमी. आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून अळणी वरणाशी अळणी भाकर खायची. ज्यांनी कधी खाल्लं नाही त्यांना अळणी वरण म्हणजे काय ते कळायचं नाही. मी एकदा तिच्या वाटीतलं चाखून पाहिलं. नुसता चिखल. ती मात्र तोंड वाकडं न करता खायची, आणि मला विचारायची, आज तो कोपऱ्यातला फटका बसला का. तोंडात खारट घास घेऊन मी सांगायची, बसला.

मी वाईट खेळले असते तरी बरं झालं असतं. पण त्या दिवसांत माझा खेळ चांगलाच वाढला. सर खूष होते. अमरावतीतसुद्धा ही पोर काहीतरी करणार, असं ते दुकानात येऊन बाबांना सांगून गेले. आत्याचे पाय मात्र रात्रंदिवस दुखायला लागले. पोटऱ्यांत गोळे यायचे. मैदानावर उभी असताना ती मधेच खाली बसायची आणि पोटरी दाबत राहायची, आणि मी बघतेय असं दिसलं की "खेळ, खेळ" म्हणून हात हलवायची. आई म्हणाली, वन्सं, वैद्याला दाखवा. आत्या म्हणाली, वय झालं. तिचं वय तेव्हा चाळीसही नव्हतं. मी आता तिच्या दुप्पट वयाला आले आहे, आणि कुणी समोर अळणी जेवायला बसलं की मी अजूनही उठून जाते.

रजियाला मी सगळं सांगितलं होतं. ती विचार करून म्हणाली, "आमच्यात रोजा ज्याचा त्यालेच धरा लागते. तुही आत्या तं तुहा रोजा धरून राह्यली." मी म्हटलं, मग मी काय करू? ती म्हणाली, "का करतं? जितून ये." तिला ते सोपं वाटलं. मला नाही वाटलं. जिंकले तर पुढचे सामने, आणि मग त्यापुढचे. नियमाला मुदत नव्हती. मी जितकी चांगली खेळेन तितकं तिचं मीठ लांबत जाणार होतं.

अमरावतीच्या सामन्यांना थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा एका दुपारी मी बॅट घेऊन ढगे सरांकडं गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आले. सरांनी खूप समजावलं. शेवटी ते बॅटच्या तारांवरून बोट फिरवत राहिले, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाहेर रजिया भेटली. तिनं विचारलं, "काहून सोडली?" आणि उत्तर न ऐकताच निघून गेली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी मी फुलून गेले होते. मोठं काहीतरी करून निघालो आहोत अशा तोऱ्यात मी घरी आले. आत्याला कसं सांगायचं, ते रस्ताभर ठरवत होते.

संध्याकाळी ताटं मांडली. भिंतीवर थोडंसं ऊन उरलं होतं. आत्यानं सगळ्यांना वाढलं, स्वतःची वाटी घेतली आणि माझ्यासमोर बसली. मी मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या वरणात टाकलं.

"तुहा नियम संपला, आत्या. मी खेळ सोडला."

बाबांचा घास हातातच राहिला. आत्यानं वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कवा?"

"आज. सरायले बॅट देऊन आली."

"मले इचारलं?"

"तू मले इचारून सोडलं होतं का मीठ?" मी म्हटलं. हे उत्तर मी रस्त्यानंच तयार करून आणलं होतं, आणि माझी कल्पना होती की ते ऐकून ती हसेल, नाहीतर रडेल, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवेल.

तिनं यातलं काही केलं नाही. "माह्या हातून सारंच सुटलं होतं, नंदे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुंकू सुटलं, रंगाचं लुगडं सुटलं, घर सुटलं. त्याच्यात अजून मीठ सुटलं तं मले का जड होतं? खुशीनं सोडलं होतं मी. तुह्या हाती एकच होतं. थे बी तू माह्यासाठी टाकून आली."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी बॅट परत आणू शकले असते, सरांनी ती आनंदानं दिली असती. पण मग आत्यानं पुन्हा मीठ सोडलं असतं, आणि पुन्हा खुशीनं. म्हणून मी गेले नाही, ना दुसऱ्या दिवशी, ना कधी. आत्या त्यानंतर खूप वर्षं जगली, रोज आमच्यासारखंच मिठाचं जेवली, पण शाळेच्या मैदानाकडं पुन्हा फिरकली नाही. त्या संध्याकाळी तिनं ते मीठ बोटानं वरणात कालवलं, ताटात काही टाकायचं नसतं म्हणून वाटी पुसून खाल्ली, आणि मी तशीच बसलेली पाहून म्हणाली, "जेव नं व. दिवस बुडून राह्यला."

मी मान खाली घालून जेवले.